मेनूत दिसणारी ‘एसडीए’ नेमकी कोणती?

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि खामगाव, चिखली, मेहकरकडची जुनी मशिनं लिनक्स टाकायला माझ्याकडे येऊ लागली. शाळेची लॅब, झेरॉक्सचं दुकान, फोटो स्टुडिओ. मशीन धडधाकट असतं, पण विंडोज ११ त्यावर चालत नाही. दहा मशिनं एकसारखी करायची म्हटल्यावर माणूस शेल स्क्रिप्ट लिहितोच. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, मेनूतून डिस्क निवडायची, पुढचं सगळं स्क्रिप्ट करते. त्या मेनूबद्दलच सांगायचं आहे.

चिखलीकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राचं मशीन अशाच कामासाठी एका दुकानात गेलं होतं. आत एक-एक टीबीच्या दोन हार्डडिस्क, एकीवर विंडोज, दुसरीवर सबंध हंगामाचं शूटिंग. स्क्रिप्टच्या मेनूत एवढंच होतं: १) एसडीए, २) एसडीबी, ३) एसडीसी. आधीच्या मशिनांवर एक दाबला होता, म्हणून इथेही एक दाबला गेला. शूटिंगच्या डिस्कवर लिनक्स बसलं. ते मशीन नंतर माझ्याकडे आलं. फोटोरेक चालवून बऱ्याच क्लिपा निघाल्या, पण फाइलींची नावं नाहीत, फोल्डर नाहीत, आणि मोठे व्हिडिओ मधेच तुटलेले. कोणती हळद कोणाच्या घरची, हे मित्राला चेहरे पाहून लावावं लागलं. डिस्क फिरणारी होती म्हणून एवढं तरी हाती आलं. एसएसडी असती तर ईएक्सटी४ फॉरमॅट करतानाच सगळे ब्लॉक रिकामे करण्याची सूचना तिला गेली असती आणि बहुधा काहीच उरलं नसतं.

एसडीए हे डिस्कचं कायमचं नाव नाही. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने ही अक्षरं वाटली जातात. केबल बदलली, पेनड्राइव्ह आधी सापडला, की क्रम बदलतो. मेनूत नुसतं हे अक्षर दाखवणं म्हणजे निवडणाऱ्याला अंधारात ठेवणं.

मग साइज दाखवा, असं पहिल्यांदा सुचतं. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराने तसं करूनही पाहिलं आणि हाक मारली, “दोन्ही सारख्याच दिसून राहिल्या ना भाऊ, कोणती घेऊ?” दोन्हीपुढे ९३१.५ जी. (डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, कमांड १०२४ च्या, एक टीबी म्हणतात तो हाच.) म्हणून साइजसोबत मॉडेल, सिरीयल नंबर आणि डिस्क साटावर आहे की यूएसबीवर, हेही त्याच ओळीत हवं. एलएसबीएलके ही एकच कमांड हे सगळं देते. सिरीयल सर्वांत मोलाचा, कारण तोच आकडा डिस्कच्या स्टिकरवर छापलेला असतो. कॅबिनेट उघडून ताडून पाहता येतं. ओळीखाली पार्टिशनचं लेबल आणि फाइल सिस्टिम दाखवली, की ‘शूटिंग’ हे लेबल वाचूनच हात थांबतो.

लिहिताना एक जागा सांभाळा. मॉडेलच्या नावात मोकळी जागा असते, त्यामुळे स्पेसवर ओळ तोडली की रकाने सरकतात आणि सिरीयलच्या जागी मॉडेलचा तुकडा येतो. कॅपिटल पी हा पर्याय दिला तर प्रत्येक गोष्ट नावासकट अवतरणात मिळते, तीच वाचा. ज्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं तो यादीतून काढा. लाइव्ह सिस्टिममध्ये मूळ डिरेक्टरी ओव्हरले असते, त्यामुळे तिथे विचारून उपयोग नाही. पेनड्राइव्ह जिथे माउंट झाला आहे तिथून त्याचा माग काढा. निवड झाल्यावर एसडीए नाही, तर डिस्कच्या बाय-आयडी फोल्डरातली वाट पुढे न्या. शेवटची खात्री ‘वाय’ दाबून घेऊ नका, सिरीयलचे शेवटचे चार आकडे टाइप करायला लावा. ‘वाय’ सवयीने दाबला जातो, हे आकडे बघावेच लागतात.

यूएसबी ॲडॉप्टरने जोडलेल्या डिस्कवर मात्र सिरीयलचा भरवसा धरू नका. कित्येक स्वस्त ॲडॉप्टर डिस्कचा नंबर लपवून स्वतःचाच सांगतात. अशा वेळी डिस्क काढायची, यादी परत चालवायची आणि कोणती ओळ गेली ते पाहायचं.