ओल मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांची पारख

वरवट बकालच्या संग्रामपूर तालुक्यातील बराच भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात मोडतो. तेथे ओलमापकाच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबल्यास यंत्र ओल दाखवीत राहते आणि कपाशी कोमेजते. मातीत रोवलेल्या दांड्यांकडून येणारा विजेचा दाब यंत्रातील रूपांतरक आकड्यात बदलतो. ५ व्होल्टच्या १० बिटी रूपांतरकात आकडा ० ते १०२३ असतो. तो संशयास्पद वाटल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी :

(१) मल्टिमीटरने रूपांतरकाचा संदर्भदाब मोजावा. तो ५ वरून ४.५ व्होल्टवर उतरल्यास २ व्होल्टचा आकडा ४०९ ऐवजी ४५५ येतो.

(२) सैल किंवा गंजलेले जोड स्वच्छ करून घट्ट करावेत.

(३) पंप सुरू होताच आकडा उड्या घेत असल्यास यंत्राच्या तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात व १० वाचनांची सरासरी घ्यावी.

(४) एवढ्यानेही शंका न फिटल्यास दोष मातीतील क्षारांचा समजावा. क्षारांमुळे वीज सुलभ वाहते व रोधावर चालणाऱ्या मापकास जमीन अधिक ओली भासते. १०० ग्रॅम ओली माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवावी. वजन ८० ग्रॅम भरल्यास ओल कोरड्या मातीच्या २५ टक्के होय. यंत्राचा आकडा याच कसोटीवर जुळवून घ्यावा.