नवे घर आणि रेडॉन

आपल्या इंदुरातील अनेक मराठी कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तिकडे घर विकत घेताना होणाऱ्या तपासणीत ‘रेडॉन’ हा शब्द हमखास येतो आणि इकडे आजी-आजोबा चिंतेत पडतात. ‘नातवाचा खोकला त्यामुळेच असेल का?’ आणि ‘घर तर कोरे करकरीत, मग तेथे रेडॉन कसा?’ हे दोन प्रश्न बालरोगतज्ज्ञास वारंवार विचारले जातात. त्यांचा विचार येथे करू.

रेडॉन म्हणजे काय?

जमिनीतील व खडकांतील युरेनियमचे अत्यंत मंद गतीने विघटन होत असते. त्या साखळीत रेडियम आणि त्यापासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निर्माण होतो. त्यास रंग, वास वा चव नाही. त्याच्या विघटनातून उत्पन्न होणारे पोलोनियमचे अणू धूलिकणांस चिकटून श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतात व अल्फा किरणांनी तेथील पेशींच्या डीएनएला इजा करतात. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून मान्यता दिली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तेथे फुप्फुसाच्या कर्करोगाचे दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात. या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो.

घरातील रेडॉनकडे जगाचे लक्ष वेधले ते १९८४ मध्ये. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीजकेंद्राची उभारणी चालू होती. तेथील अभियंता स्टॅन्ली वॉट्रस कामावर आले की किरणोत्सार दर्शविणारा गजर वाजे. शोध घेता मूळ त्यांच्या राहत्या घरात सापडले. तेथील हवेत दर लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन होता. उपाययोजना करावी अशी पातळी आज अवघी ४ पिकोक्युरी मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविलेली पातळी त्याहूनही कमी, म्हणजे साधारण २.७ पिकोक्युरी आहे.

नवे घर सुरक्षित का नाही?

हिवाळ्यात घरातील उबदार हवा वर जाऊन निसटते, तळाशी दाब कमी होतो आणि जमिनीतील वायू भेगांतून व नळांभोवतीच्या फटींतून आत ओढला जातो. ऊर्जाबचतीसाठी घट्ट बंद केलेल्या नव्या घरांत तो साठून राहू शकतो. मिनेसोटा राज्यात २००९ पासून नव्या घरांच्या बांधकामातच रेडॉनरोधक व्यवस्था बंधनकारक आहे. फरशीखाली खडीचा थर, त्यावर प्लास्टिकचे आवरण आणि छपरापर्यंत नेलेली नळी असे तिचे स्वरूप असते. तथापि नळी आहे म्हणून पातळी कमीच असेल असे नाही. शेजारच्या घराचा आकडाही उपयोगी पडत नाही. मोजणीवाचून गत्यंतर नाही.

मोजणी व उपाय

कोळशाच्या डबीने दोन ते सात दिवसांत प्राथमिक मोजणी होते. डबी राहत्या वापरातील सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवावी; स्वयंपाकघर व स्नानगृह टाळावे. दारे-खिडक्या मोजणीच्या १२ तास आधीपासून बंद असाव्यात. नव्वद दिवसांहून अधिक काळाची मोजणी वर्षभराच्या सरासरीची अधिक चांगली कल्पना देते. आकडा ४ वा त्याहून अधिक असल्याचे निश्चित झाल्यास फरशीखालून हवा खेचून छपरावर सोडणारी नळी व पंखा बसवितात. केवळ भेगा बुजविणे पुरेसे नसते. पंखा बसविल्यावर पुन्हा मोजणी करावी व पुढेही दर दोन वर्षांनी ती करीत राहावे. अशा नळीवर बहुधा रंगीत द्रवाची इंग्रजी ‘यू’ आकाराची नलिका असते. तिच्या दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर पंखा हवा खेचत नाही असे समजावे.

मुलांविषयी

रेडॉनमुळे खोकला, दमा वा डोकेदुखी होत नाही. बालकाचा खोकला नेहमीच्या पद्धतीनेच तपासावा. रेडॉनसाठी त्याच्या रक्ताची चाचणी वा छातीचा एक्स-रे काढण्यात अर्थ नाही. तपासायचे ते घर, मूल नव्हे. मात्र हा धोका वर्षानुवर्षे साचत जातो व दशकांनंतर प्रकट होतो. म्हणून ज्याच्यापुढे अवघे आयुष्य आहे त्या बालकाची निजण्याची वा खेळण्याची खोली तळघरात असेल, तर मोजणी लांबणीवर टाकू नये. नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांचीही व्यवस्था पुष्कळदा तळघरातच असते.

तंबाखूचा धूर व रेडॉन यांची जोडी विशेष घातक आहे. ४ पिकोक्युरी पातळीच्या घरात जन्मभर राहणाऱ्या हजार धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे ६२ जणांना, तर कधीही धूम्रपान न करणाऱ्या हजारांपैकी सुमारे ७ जणांना फुप्फुसाचा कर्करोग संभवतो, असा उपर्युक्त संस्थेचा अंदाज आहे.

तेव्हा मुलांच्या नव्या घराची वास्तुशांत ठरवताना मुहूर्ताबरोबर एवढेही विचारावे : ‘रेडॉन मोजलात का? आकडा किती आला?’