विजेच्या कारागिराची मिळकत

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थी व त्यांचे पालक शिक्षकांस एक प्रश्न हमखास विचारतात: "विजेचें काम शिकल्यास नागपुरांत किती मिळेल?" प्रश्न रास्त आहे, पोटाचा विचार करण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. परंतु त्याचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं. विद्यावेतन, वेतन व मिळकत हे तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद न जाणणारा मनुष्य हिशेबांत फसतो. तो भेद येथें क्रमानें पाहूं.

प्रथम विद्यावेतन. दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलास शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे आपण जिला आयटीआय म्हणतों तेथें, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतां येतो. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वयें एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करितां येते. २०१९ सालीं सुधारलेल्या नियमांनीं आयटीआय उत्तीर्ण उमेदवारास दरमहा किमान ७,७०० रुपये विद्यावेतन ठरविलें. हें कामाचें मोल नव्हे. शिकत असतां निर्वाहास दिलेला तो हातभार होय.

दुसरें वेतन. महावितरण कंपनीनें २०२३ च्या अखेरीस विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागांची जाहिरात दिली होती. तींत पहिल्या वर्षीं दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षीं १६,००० व तिसऱ्या वर्षीं १७,००० रुपये मानधन ठरलें होतें. म्हणजे तीन वर्षांची बेरीज ५,७६,००० रुपये झाली. ही तीन वर्षें नीट पार पडल्यावर तंत्रज्ञाच्या नियमित पदाची वाट मोकळी होते. अर्थात् जागा मोजक्या आणि अर्जदार पुष्कळ, हें विसरूं नये.

बुटीबोरी व हिंगणा येथील कारखान्यांत काम करणाऱ्यानें आणखी एक गोष्ट जाणली पाहिजे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें घातलेल्या व पुढें २०१९ च्या वेतन संहितेंत आलेल्या तत्त्वाप्रमाणें सरकारनें ठरविलेल्या दरापेक्षां कमी वेतन देतां येत नाहीं. हे दर कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा वर्गांप्रमाणें भिन्न असतात. जादा तासांचा मोबदला दुपटीहून कमी नसावा, असाहि नियम आहे. यास्तव नेमणुकीच्या वेळीं आपलें नांव कोणत्या वर्गांत लिहिलें, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. प्रमाणपत्र हातीं असतां अकुशल म्हणून सही करणें म्हणजे दोन वर्षांचें शिक्षण पाण्यांत टाकणें होय.

तिसरी मिळकत. स्वतंत्र धंदा करणाऱ्याचें उदाहरण गणितानें पाहूं. समजा, एका वायरमनचा रोज ८०० रुपये आहे. ऐकणारा लगेच ३० नें गुणून २४,००० म्हणतो. पण काम रोज मिळत नाहीं. नागपुरांत मार्चपासून जूनपर्यंत कूलर, पंखे व मोटारी यांच्या दुरुस्तीची धांदल असते. त्या चार महिन्यांत दरमहा २८ दिवस काम मिळालें, व उरलेल्या आठ महिन्यांत १८ दिवसच मिळालें, असें धरूं. पेट्रोल, फोन व हत्यारांची झीज यांस दरमहा २,४०० रुपये वजा करावे. तेव्हां चांगल्या महिन्यांत २०,००० व इतर महिन्यांत १२,००० उरतात. वर्षाची बेरीज १,७६,००० आणि दरमहाची सरासरी सुमारें १४,६६७. बोललेल्या रोजांत व हातीं उरलेल्या पैशांत एवढें अंतर पडतें! शिवाय येथें पगारी रजा नाहीं, कीं भविष्यनिर्वाह निधि नाहीं. जूनमध्यें शिल्लक न टाकणारा कारागीर ऑगस्टमध्यें कर्ज काढतो.

मग मिळकत वाढते कशानें? ज्ञानानें व अधिकारानें. तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचें प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना अशा पायऱ्या आहेत. ठेकेदार घराचें काम पॉइंटच्या दरानें घेतो. म्हणून तारेचा व वेळेचा अंदाज ज्यास अचूक बांधतां येतो, त्याच्याच पदरीं कांहीं उरतें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जो कूलर उन्हाळ्यांत कारागिरास पोसतो, तोच प्राणहि घेतो. कारण पत्र्याची पेटी, पाणी व २३० व्होल्ट हीं तेथें एकत्र येतात. अर्थिंग नीट असेल आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारें साधन बसविलें असेल, तर बहुतेक अपघात टळतात. परंतु घाई करणारा किंवा स्वस्तांत काम उरकणारा नेमकें हेंच गाळतो. तें गाळल्यानें वांचलेले पैसे मिळकतींत धरूं नयेत. त्यांची किंमत दुसऱ्याच्या घरांतील मूल देतें.

सारांश, विद्यार्थ्यांनो, "किती मिळेल?" याबरोबर "किती दिवस मिळेल, किती उरेल, आणि काम किती निर्धोक होईल?" हेंहि विचारा. चारहि प्रश्नांचीं उत्तरें पटलीं, तर हा धंदा अवश्य पत्करावा.