अर्भक दगावल्यास मातेचा रजेचा हक्क

प्रसूती रजेचा संबंध बहुधा तान्ह्या बाळाच्या संगोपनाशी जोडला जातो. त्यामुळे मूल मृतावस्थेत जन्मले किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावले, की ‘आता रजेचे प्रयोजन काय?’ असा प्रश्न कार्यालयात उपस्थित होतो. तो कोणी उघडपणे विचारतोच असे नाही. पण अर्ज टेबलावर पडून राहतो, ‘हजर केव्हा होणार?’ अशी पृच्छा घरी पोहोचते आणि पुष्कळदा ती माताच संकोचाने लवकर कामावर येते. कायद्याची भूमिका याहून निराळी आहे.

१९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येतच मृतजात बालकाचा समावेश केला. प्रसूती लाभ हा प्रसूतीला जोडलेला आहे, अपत्याच्या जगण्याला नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आली आणि या अधिनियमातील तरतुदी तीत समाविष्ट झाल्या. हे तत्त्व कायम राहिले. कारखाने, खाणी, मळे तसेच दहा किंवा अधिक व्यक्ती कामास असलेली दुकाने व आस्थापना यांना ते लागू आहे. प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस २६ आठवड्यांची, आणि दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास १२ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. गर्भधारणेच्या सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. राज्य विमा योजनेखालील स्त्रियांना हा लाभ त्या योजनेच्या नियमांनुसार मिळतो.

येथे ‘हयात’ हा शब्द नीट वाचावयास हवा. दगावलेले मूल या गणनेत धरले जात नाही. दोन बाळंतपणे झालेल्या, पण एकच मूल हयात असलेल्या स्त्रीस पुढील खेपेस २६ आठवड्यांचाच हक्क आहे.

शिवाय प्रसूती किंवा गर्भपात झाल्यापासून सहा आठवडे स्त्रीला जाणूनबुजून कामावर ठेवण्यास मालकालाच मनाई आहे. बाळ हाती नसले तरी बाळंतिणीचे शरीर बाळंतिणीचेच असते. रक्तस्राव, अशक्तपणा चुकत नाही आणि दूधही येतेच. तेव्हा ‘तिचीच यावयाची तयारी होती’ हे समर्थन टिकणारे नाही. रजेच्या काळात, रजेच्या कारणावरून तिला कामावरून दूर करणेही बेकायदेशीर आहे.

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी कार्मिक व प्रशिक्षण विभागाने २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वतंत्र आदेश काढला. मूल मृत जन्मल्यास, अथवा जन्मापासून २८ दिवसांच्या आत दगावल्यास, ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा त्याने अनुज्ञेय ठरविली. मृतजन्मासाठी गर्भाचे किमान २८ आठवडे पूर्ण झालेले असावे लागतात. प्रसूती रजा आधीच सुरू असेल तर मृत्यूच्या दिवसापर्यंत उपभोगलेली रजा खात्यावरील अन्य रजेत परिवर्तित करता येते, आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राचा आग्रह धरावयाचा नाही. विशेष रजा मृत्यूच्या दिनांकापासून मोजली जाते. दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असावीत आणि प्रसूती शासकीय किंवा केंद्रीय आरोग्य योजनेच्या यादीवरील रुग्णालयात झालेली असावी, या अटी आहेत. तातडीच्या प्रसंगी यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागल्यास तसे प्रमाणपत्र लागते. अशा वेळी नेमके हेच प्रमाणपत्र मागावयाचे घरच्यांना सुचत नाही. आस्थापना शाखेने आपण होऊन त्याची आठवण द्यावी हे बरे.

हा आदेश राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आपोआप लागू होत नाही. त्यांच्या रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे पाहावयाच्या असतात.

पित्याचा विचार मात्र या आदेशात नाही. त्याला बहुधा किरकोळ किंवा अर्जित रजेवर भागवावे लागते. मोठे मूल गेल्यास आईचीही स्थिती तीच. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२० पासून अठरा वर्षांखालील मूल दगावलेल्या, अथवा चोवीस आठवड्यांनंतर मृतजन्म झालेल्या, नोकरदार आई व बाप दोघांनाही प्रत्येकी दोन आठवड्यांची रजा मिळते. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क आहे. दोन्ही आठवडे एकत्र किंवा वेगवेगळे, ५६ आठवड्यांच्या आत केव्हाही घेता येतात. दुःख अंत्यविधीबरोबर संपत नाही, वर्षश्राद्धालाही ते पुन्हा उभे राहते, हे त्या मुदतीत ओळखलेले दिसते. आपल्याकडे सेवानियमांचा फेरविचार होईल तेव्हा पित्याचे नाव त्यात यावयास हवे.

पंचायत सदस्यांनी लक्ष घालण्याजोगी बाब नोंदणीची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात मृतजन्माचीही नोंद अभिप्रेत आहे आणि ती २१ दिवसांत व्हावयास हवी. जगून मग दगावलेल्या बालकाच्या जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी लागतात. घरात कोणी बोलण्याच्या मनःस्थितीत नसल्याने जन्माची नोंद राहून जाते आणि पुढे रजेच्या अर्जास पुरावा उरत नाही. आशा कार्यकर्ती किंवा शेजारची जाणती व्यक्ती यांनी घरच्यांना याची आठवण करून द्यावी. मालकास आगाऊ सूचना दिली नव्हती एवढ्याच कारणाने मात्र लाभ नाकारता येत नाही; सूचना प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर दिली तरी चालते.