‘सगळं ठीक आहे’ असं मी कळवलं होतं

पावसाळ्यात सांगलीत माणसं भेटली की आधी तब्येत विचारत नाहीत. ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. मलाही होतं. एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची मी अकरा वर्षं रेक्टर होते. पण पुलाखाली ४९ फूट पाणी असलं की माझ्या मेसच्या दारात किती असेल, हे मला माहीत नव्हतं. ते मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिकले. फार उशिरा शिकले.

५ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी. बऱ्याच मुली शनिवारीच गावी गेल्या होत्या. कोयना धरणाचा विसर्ग वाढला होता, पाऊस थांबत नव्हता. टीव्ही लावला तर सगळ्या वाहिन्यांवर काश्मीर. त्याच दिवशी कलम ३७० रद्द करण्याचा निर्णय झाला होता, त्यामुळे आमची नदी खालच्या पट्टीत अधूनमधून सरकून जायची. नदी धोका पातळीच्या वर होती, तरी मी निवांत होते, कारण आमच्याकडे एक पक्की मोजपट्टी होती: २००५. त्या महापुरात पाणी आमच्या फाटकापर्यंत येऊन थांबलं होतं. वॉचमनकाकांनी त्या वेळची खूणही दाखवली. ‘मॅडम, याच्या पुढं येत न्हाई,’ ते म्हणाले. गावभागात, मारुती चौकात घरोघरी त्या दिवशी हीच खूण दाखवली जात होती आणि माणसं घरातच थांबत होती.

पालकांचे फोन सुरू झाले तसा मी अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला: ‘सर्व विद्यार्थिनी सुरक्षित आहेत. सगळं ठीक आहे. काळजीचं कारण नाही.’

त्या क्षणी यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण त्या निरोपाने काय केलं ते पाहा. सोमवारी दुपारपर्यंत मिरजेकडचा, तासगावकडचा रस्ता चालू होता. ज्यांचे पालक तासाभराच्या अंतरावर होते ते येऊन मुलींना सहज घेऊन गेले असते. चाळीसेक मुली तरी कमी झाल्या असत्या. माझा निरोप वाचून ते घरीच थांबले. एका वडिलांनी नंतर मला शांतपणे विचारलं, ‘मॅडम, तुम्ही लिहिलं होतं ना?’ त्यावर मला काही बोलता आलं नाही.

मंगळवारी पहाटे पाणी आलं, तेही फाटकातून नाही, मागच्या बाजूच्या गटारातून. पुराचं पाणी नदीच्या दिशेने येतं असं आपण धरून बसतो. शहरात ते नाल्यातून आणि ड्रेनेजमधून उलटं येतं आणि आधी मोरीत दिसतं. मेसच्या मावशी ओरडत आल्या तेव्हा साडेपाच झाले होते. सहाला मीटररूममध्ये पाणी शिरलं, म्हणून वीज बंद केली. जनरेटर त्याच्या शेजारच्याच खोलीत, तळमजल्यावर. आणि तळमजल्यावरच माझं ऑफिस, त्यात रजिस्टर, पालकांचे नंबर, मुलींचे रक्तगट लिहिलेली फाइल.

मुलींना घेऊन चालत विश्रामबागेकडे, शहराच्या उंच भागाकडे निघायचं हे मी सव्वासहालाच ठरवलं होतं. तिथे एका कार्यालयाची सोयही होत होती. पाणी घोट्याएवढं होतं. पण वसतिगृह रिकामं करण्याची सूचना प्राचार्यांच्या सहीनेच काढायची, असा नियम. प्राचार्य बैठकीसाठी पुण्याला गेलेले, त्यांचा फोन लागेना. उपप्राचार्य म्हणाले, संस्थेच्या सचिवांना विचारतो. सचिव म्हणाले, लेखी मजकूर पाठवा. मी पाठवला. त्यांनी त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या. ‘पूर’ हा शब्द काढून ‘पाण्याची परिस्थिती’ असं लिहावं, ही त्यातली एक. परवानगी आली तेव्हा दहा वाजायला आले होते आणि पाणी कमरेच्या वर गेलं होतं. आता चालत जाणं शक्य नव्हतं. होड्यांच्या शर्यतीत उतरणारी पोरं दुपारी होडी घेऊन आली आणि आठ-आठ जणींना नेऊ लागली. शेवटची फेरी अंधारात झाली.

कुणावर राग काढण्यासाठी हे सांगत नाही. पुढे वाचताना कळलं की हा फक्त आमच्याकडचा दोष नव्हता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार होऊन दोघांचा जीव गेला. विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधराएक मिनिटांतच त्याच मारेकऱ्याने दुसऱ्या इमारतीत ३० जणांना मारलं. चौकशी समितीला असं दिसलं की आवारातल्या पोलिसांकडे थेट निरोप पाठवायची सोयच नव्हती. वरिष्ठांच्या गटाने बसून मजकूर ठरवायचा, अशी तिथली रीत होती. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला आणि धोक्याची खात्री होताच विनाविलंब सूचना देणं महाविद्यालयांवर बंधनकारक झालं. ते वाचताना मला माझे सव्वासहा ते दहा आठवले. गोळीबार आणि पूर यांची तुलना होत नाही, पण सहीची वाट पाहत थांबलेला कागद दोन्हीकडे एकच होता.

म्हणून जे कुणी वसतिगृह, महाविद्यालय, अगदी शिकवणीची इमारत चालवतात, त्यांना माझं पहिलं सांगणं हे की कोरड्या दिवसांत, मे महिन्यात, एक कागद करून घ्या. आवारात प्रत्यक्ष हजर असलेल्या कोणत्या माणसाला, कुणालाही न विचारता, इमारत रिकामी करायचा आणि तसा निरोप पाठवायचा अधिकार आहे, एवढंच त्यावर असावं. तो माणूस नसेल तर दुसरा, दुसरा नसेल तर तिसरा. रात्री दोन वाजता तिथे कदाचित वॉचमनच असेल, म्हणून त्याचंही नाव त्यात हवं. आम्ही पुढच्या वर्षी हा कागद करायला घेतला तेव्हा सगळ्यात जास्त वाद वॉचमनकाकांच्या नावावरून झाला. मी हटले नाही.

दुसरी गोष्ट रजिस्टरची. त्यात १६४ नावं होती, प्रत्यक्षात आत होत्या १२१. गावी गेलेल्यांपैकी काहींनी सुट्टीचा अर्ज भरला होता, काहींनी मैत्रिणीच्या हाती निरोप दिला होता. विश्रामबागेत संध्याकाळी मोजणी केली तर एक मुलगी कमी. दोन पोरं होडी घेऊन अंधारात परत गेली, तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक खोली ठोठावून आली. ती मुलगी रविवारपासून मिरजेला आत्याकडे होती. त्या पोरांच्या जिवाला काही झालं असतं तर? दोनच दिवसांनी, ८ तारखेला, ब्रह्मनाळ गावी होडी उलटून माणसं गेली, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात रोज रात्री नऊला खोलीनिहाय हजेरी होते. तिची एक प्रत कागदावर वरच्या मजल्यावर राहते आणि एक फोटो तीन जणांच्या फोनमध्ये. कागद हवाच, कारण दुसऱ्या दिवशी फोनची चार्जिंग संपते आणि टॉवरही बंद पडतात.

आता निरोपाच्या मजकुराबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझी खरी चूक तिथे झाली. ‘घाबरू नका’ वाचून कुणी घाबरायचं थांबत नाही. माणसाला हवं असतं, काय झालंय, किती जण कुठे आहेत, मी काय करू आणि पुढचं कधी कळेल. मंगळवारी सकाळी मी हे लिहायला हवं होतं:

‘मंगळवार, सकाळी साडेसहा. आवारात पाणी घोट्यापर्यंत आहे. १२१ मुली आत आहेत, सर्व दुसऱ्या मजल्यावर. सात वाजता आम्ही चालत विश्रामबागेला निघतो आहोत. पालकांनी गाडी घेऊन शहरात येऊ नये. पुढचा निरोप नऊ वाजता, काही नवीन नसलं तरी.’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. वेळ सांगून त्या वेळेला ‘बदल नाही’ एवढं जरी कळवलं तरी मधले दोन तास लोक धीर धरतात. आम्ही मधे गप्प राहिलो. तेवढ्यात कुणीतरी पसरवलं की कोयना धरण फुटलं. जत तालुक्यातले एक वडील ते ऐकून जीप घेऊन निघाले. त्यांच्याकडे त्या आठवड्यात टँकरने पाणी येत होतं, चारा छावण्या चालू होत्या. पूर म्हणजे काय असेल याचा अंदाज त्यांना कुठून यावा? ते वाटेत अडकले आणि मुलीपेक्षा त्यांचीच काळजी जास्त करावी लागली.

आणि मजकूर मराठीत लिहा. आमच्या सूचना तोवर इंग्रजीतून निघत. मेसच्या मावशींना त्या वाचता येत नव्हत्या, आणि बऱ्याच पालकांनाही. मावशींकडे तर व्हॉट्सॲपही नव्हतं. शेवटी उपयोगी पडला तो क्रीडा विभागातला भोंगा आणि पीटीच्या बाईंची शिट्टी. नेट बंद पडल्यावरही साधा एसएमएस कधीकधी पोचतो, हे त्या दिवशी कळलं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आता आमच्या प्रत्येक जिन्यावर ऑइलपेंटने लिहिलेला आहे.

जिन्यावर आता दुसरंही काही लिहिलं आहे. पूर ओसरल्यावर वॉचमनकाका आणि मी चिखलाच्या रेघा मोजत बसलो. आयर्विनच्या कोणत्या आकड्याला आमच्या कितव्या पायरीला पाणी लागतं, याचा हिशेब लावला आणि जिन्याच्या भिंतीवर आकडे रंगवले. त्या वर्षी पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नवी मुलगी आली की तिला आधी तो जिना दाखवायचा, मग खोली.

इमारत रिकामी करण्याच्या सरावाचं म्हणाल तर एखाद्या बुधवारी अकरा वाजता, सगळ्या मुली वर्गात असताना घेतलेला सराव फोटोपुरता. एकदा तरी रात्री, दिवे घालवून घ्या, पण आदल्या दिवशी सांगून घ्या. २०२३ च्या जुलैत एका सकाळी सरकारी चाचणीचा इशारा सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम किंचाळला, तेव्हा आमच्या दोन मुली चप्पल न घालता खाली धावल्या होत्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कागदावर बसवता आली नाही. त्या १२१ जणींत दोघी काश्मीरच्या होत्या. ४ ऑगस्टच्या रात्रीपासून तिकडचे फोनच बंद. बाकी सगळ्यांच्या घरी आम्ही उशिरा का होईना पोचलो, त्यांच्या घरी पोचायला वाटच नव्हती. फॉर्मवरचे नंबर लावून पाहायचे आणि ठेवून द्यायचे, असं महिनाभर चाललं. सप्टेंबरात एका दुपारी धाकटीच्या आईचा फोन आला, कुठल्याशा लँडलाइनवरून, माझ्याच मोबाइलवर. दोन-तीन मिनिटंच मिळाली. वसतिगृहाच्या भिंती तेव्हाही छातीपर्यंत ओल्या होत्या, आवारात कुजलेल्या गाद्यांचा ढीग होता. ती त्या ढिगाशेजारी उभी राहून बोलत होती. ती फोन माझ्या हातात परत देत असताना मी विचारलं, पुराचं सांगितलंस का आईला?

‘नहीं मॅडम,’ ती म्हणाली. ‘बोल दिया, सब ठीक है.’