मोटारसायकलींतील विजेचीं तीन उपांगें : रिले, डायोड व इग्निशन कॉइल

रामटेकच्या आसपास धान पिकविणाऱ्या कास्तकारास मोटारसायकल ही आतां बैलजोडीइतकीच गरजेची झाली आहे. खताची गोणी, डिझेलचा डबा, रोवणीच्या बायांची न्याहारी, सर्व तिच्यावरूनच बांधीपर्यंत जातें. परंतु बैलाचें दुखणें दुरून ओळखणारा कास्तकार गाडीचें दुखणें ओळखीत नाहीं. मिस्तरी सांगेल तो भाग बदलतो. आम्हीही तसेंच करीत होतों. एका पावसाळ्यांत रात्रीं बांधीवर मजुरास साप चावला. आम्हीं गाडीचें बटण दाबलें, तों आंतून नुसती टकटक ऐकूं आली. शेजाऱ्याची जीप येईपर्यंत अर्धा तास गेला. मजूर वांचला, हें त्याचें दैव. त्या वर्षांत एका मिस्तऱ्यानें आमच्या गाडीस दोन नव्या बॅटऱ्या बसविल्या होत्या, आणि मूळ दोष बॅटरींत नव्हताच.

ती टकटक रिलेची. इंजिन फिरविणाऱ्या स्टार्टर मोटरीस फार मोठा प्रवाह लागतो. तो हँडलावरील बटणांतून नेल्यास बटण जळेल. म्हणून बटण फक्त रिलेच्या गुंडाळीस अल्प प्रवाह देतें. गुंडाळी लोहचुंबक बनते व आंतील पट्टी ओढून जाड तारांची जोडणी करते. कारकुनाच्या चिठ्ठीवर खजिना उघडावा, तसाच हा प्रकार. अशा चिठ्ठ्या लिहिण्यांतच आमची नोकरी गेली. बॅटरी अशक्त असली किंवा तिचीं टोकें गंजलेलीं असलीं, तर मोटरीनें प्रवाह ओढतांच दाब कोसळतो व चुंबक सुटतो. दाब चढला कीं पुन्हां धरतो. म्हणून टकटक. एकच ठोका येऊन मोटर न फिरल्यास रिलेचे संपर्क व मोटर पाहावी. ठोकाच नसेल तर फ्यूज, क्लच व साइडस्टँड यांचे स्विच आधीं तपासावे.

मग आमची बॅटरी अशक्त कां होई? त्याचें उत्तर डायोडांत होतें. विहिरींतील पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊं देतो, परत येऊं देत नाहीं. डायोड विजेस तसेंच एका दिशेनें सोडतो. अल्टरनेटरची वीज क्षणोक्षणीं दिशा बदलते, बॅटरीस मात्र एकाच दिशेची लागते. हें काम रेक्टिफायरमधील डायोड करतात व रेग्युलेटर दाब आवरतो. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन थोडें वेगानें चालूं लागतांच मल्टिमीटरचा आंकडा साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. आमच्या गाडीचा आंकडा चढतच नव्हता. आंकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असें समजावें. बॅटरी उकळून नासते. बॅटरीच्या तारा उलट जोडणें, किंवा चालू इंजिनावर त्या सोडणें, ह्यांनीं डायोड जळूं शकतात. मिस्तऱ्यासमोर उभें राहून हें पाहावें.

इग्निशन कॉइल ह्या तिघांत आम्हांस सर्वांत नवलाची वाटते. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे कांहीं शेंकडे वेढे, व त्यांजवर केसासारख्या तारेचे कित्येक हजार. जाड वेढ्यांतील प्रवाह एकाएकीं तोडला कीं चुंबकक्षेत्र कोसळतें, व फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधलेल्या नियमानें बारीक तारेंत पंधरा-वीस हजार व्होल्टांचा, कधीं त्याहूनही मोठा दाब उत्पन्न होतो. वाहत्या नळाची तोटी झटकन बंद केल्यास नळास हिसका बसतो, तद्वत्. सीडीआय पद्धतीच्या गाड्यांत प्रवाह तोडीत नाहींत. कपॅसिटरमध्यें सांठविलेली वीज कॉइलमध्यें एकदम सोडतात. मात्र दोहोंतही बदल अकस्मात् व्हावा लागतो. मोटर इंजिन नीट फिरवीत असून तें पेट घेत नसेल, तर कॉइल बदलण्यापूर्वीं प्लग व त्याची टोपी पाहावी. चिखलपाण्यांतून आलेल्या गाडीची टोपी ओली असते, व ठिणगी प्लगपर्यंत न पोंचतां बाहेरच निसटते. ही तपासणी करतांना उघडें पेट्रोल जवळ नसावें, आणि प्लगास हात लावूं नये.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत पेट्रोल विजेच्या पंपानें व संगणकाच्या हुकुमानें सोडलें जातें. बॅटरी अगदींच मेली असेल तर अशी गाडी ढकलूनही बहुधा सुरू होत नाहीं. आमच्या गाडीचा रेक्टिफायर बदलल्यावर आंकडा १४.१ वर स्थिरावला. रोवणी सुरू होण्यापूर्वीं तो आम्ही दर वर्षीं एकदां पाहून ठेवतों.