बुद्धी शेतातली, जाणणारा कोण?



आजचा पाठ: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ५ व ६.

या दोन श्लोकांत भगवंत ‘क्षेत्रा’ची, म्हणजे शेताची यादी देतात. पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रियं, मन, इंद्रियांचे पाच विषय. पुढे इच्छा, द्वेष, सुख, दुःख, देह, चेतना आणि धृती. हे सगळं जाणणारा तो क्षेत्रज्ञ. त्याचं नाव मात्र या यादीत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे माझं बोट ‘बुद्धी’पाशी थांबतं. आपण बुद्धीलाच ‘मी’ समजतो. गीता तिला माती-पाण्याच्या पंगतीत बसवते. मग एखादं यंत्र बुद्धीचं काम करू लागलं, तर आपण इतकं का दचकावं? ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली कसोटी सुचवली होती: लेखी संभाषणात समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखता येतं का? आजची यंत्रं तिथवर येऊन पोचली आहेत. पण ती कसोटी बोलण्याची आहे, म्हणजे शेताचीच. क्षेत्रज्ञाबद्दल ती काही सांगत नाही.

आता आपल्या नागपूरचीच गोष्ट घ्या. ९ ऑगस्ट २०२५, रक्षाबंधनाचा दिवस. जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ ट्रकच्या धडकेत एक बाई गेली. ट्रक पळून गेला. मदतीला कोणीच थांबेना, म्हणून नवऱ्याने बायकोचा मृतदेह मोटारसायकलला बांधून नेला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढंच त्याला आठवत होतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी ‘मार्व्हल’ या सरकारी यंत्रणेची एआय प्रणाली वापरली. टोलनाक्यांच्या फुटेजमधून एका अल्गोरिदमने लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, दुसऱ्याने त्यांचे वेग तपासले. सुमारे ३६ तासांत ट्रक सापडला, तोही ७०० किलोमीटरवर.

यंत्राने काम चोख केलं. पण त्याच्यालेखी लाल खूण म्हणजे आकड्यांची एक जुळणी. त्या बाईचं जाणं त्याला कळलं, असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. आणि ज्यांना कळू शकलं असतं, ते गाड्या न थांबवता पुढे गेले.

उद्या यंत्राला खरंच दुःख होईल का? गीतेने सुख-दुःखही शेतातच मोजलंय, त्यामुळे ‘कधीच नाही’ असं मी छातीठोक म्हणणार नाही. ‘मला वाईट वाटतं’ असं यंत्र आजही लिहितं. त्या वाक्यामागे कोणी आहे का, हे बाहेरून दिसत नाही. खरं म्हणजे शेजाऱ्याचं दुःखही आपल्याला बाहेरून दिसत नाही. तरी ते आपण ओळखतो ते कशावरून? सहाव्या अध्यायाच्या ३२व्या श्लोकात त्याचं उत्तर आहे: स्वतःवरून. दुसऱ्याचं सुख-दुःख जो आपल्या मापाने पाहतो, तो श्रेष्ठ योगी. समोरच्याला मन आहे याचा पुरावा भगवंत मागत नाहीत. ते आपली वागणूक पाहतात.

म्हणून मंडळी, ‘यंत्र माणूस होईल का’ हा प्रश्न जरूर विचारा. पण बुद्धीची बरोबरी झाली म्हणून माणूसपण गेलं, असं गीता मानत नाही. माणूसपण जातं ते दुसऱ्याच्या दुःखाजवळून सरळ पुढे निघून गेल्याने.

आजची साधना: रस्त्यात अपघात दिसला तर थांबायचं, १०८ किंवा ११२ लावायचा. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे, कलम १३४ अ. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून मागे सरू नका. घरी पोरांनाही हे सांगून ठेवा, बरं का.

उद्या श्लोक ७, ज्ञानाची लक्षणं.

राम कृष्ण हरी!